शाल घरची, सत्कार बाहेरचा

संध्याकाळच्या गर्दीत जबलपूरच्या कमानिया गेटापाशी मागून कुणी खांद्यावर हात टाकून ‘बरे सापडलात!’ म्हणालं, तर समजावं, कविराज आले. सापडलेला माणूस तासभर सुटत नाही. निसटावं म्हटलं तर तोवर त्यांनी बडकुलकडची खोव्याची जलेबी सांगितलेली असते. ती काळीसावळी गरम जलेबी हातात आली की घाई आहे म्हणायला तोंड मोकळं राहत नाही. पैसे बहुधा आपणच देतो.

बाजारात त्यांना ‘बड्डे’ म्हणतात, पण जबलपुरात ते कुणालाही म्हणतात. कविराज हे नाव आम्हा मराठी शेजाऱ्यांचं, आणि ते थट्टेतलं आहे हे त्यांच्या अजून ध्यानात आलेलं नाही.

‘आता आपल्या तोंडानं काय सांगायचं!’ हे त्यांचं पालुपद. एवढं म्हणून ते आपल्याच तोंडानं सगळं सांगतात. खांद्यावरच्या शबनम पिशवीत स्वतःच्या संग्रहाच्या पाच प्रती, लॅमिनेट केलेली कात्रणं आणि एक बदामी शाल. ही शाल म्हणजे त्यांच्या साहित्यसेवेचा कणा. छोट्या मंडळांकडे सत्काराला पैसे नसतात, म्हणून कविराज कार्यक्रमाआधी शाल हळूच कार्यवाहांच्या हाती देतात आणि मग व्यासपीठावर, अगदी संकोचून, तीच पांघरून घेतात. घरात सत्काराच्या फोटोंची भिंत आहे. नीट पाहिलं तर प्रत्येक फोटोत डाव्या खांद्याशी चहाचा तोच डाग.

बाहेरगावचा पाहुणा आला की ते त्याला गेटाखाली उभा करतात. ‘हे 1939 च्या त्रिपुरी काँग्रेसचं स्मारक. सुभाषबाबू 1580 विरुद्ध 1377 मतांनी निवडून आले, पण इथं पोचले ते तापानं फणफणलेले. मिरवणुकीला बावन्न हत्ती आणि अध्यक्षांच्या जागी रथात त्यांची तसबीर!’ मग आवाज खाली आणून, ‘कळलं का? माणूस येवो न येवो, फोटो मिरवला पाहिजे.’ सुभाषबाबूंना पुढे महिन्या-दीड महिन्यातच अध्यक्षपद सोडावं लागलं, हा भाग ते गाळतात.

त्यांची चेष्टा करायला गेलं की ते मुक्तिबोध काढतात, आणि तिथं आपली बोलती बंद होते. गजानन माधव मुक्तिबोध घरी मराठी, लिहायचे हिंदीत. चाळीसच्या दशकात काही काळ इथंच हितकारिणी शाळेत मास्तर होते. आयुष्य ओढगस्तीत गेलं. सप्टेंबर 1964 मध्ये ते गेले आणि ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा पहिला कवितासंग्रह त्यानंतर आला. ‘एवढा मोठा माणूस, पण स्वतःचा संग्रह हातात धरायला मिळाला नाही,’ कविराज म्हणतात. ‘ती चूक मी करणार नाही.’ मुक्तिबोधांच्या आणि आपल्या कवितेत आणखीही काही फरक असेल, अशी शंका त्यांना शिवत नाही. पण हे बोलताना त्यांचे डोळे खरोखर ओलावतात, हेही सांगायला हवं.

नोकरी तोफखान्याच्या कारखान्यात, कारकुनीची. बरोबरीचे ओव्हरटाइम करून घरं बांधून बसले. हे त्या वेळी कुठल्या तरी गावी कविसंमेलनात आपला नंबर यायची वाट बघत. नंबर येई तो पहाटे तीनला, सतरंज्या गोळा करणाऱ्यांसमोर. बढतीच्या परीक्षेच्या दिवशीही असंच एक संमेलन निघालं. संग्रह छापायला त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, दोन पाटल्या सराफ्यात गहाण पडल्या, त्या परत आल्या नाहीत. सराफा गेटाला लागूनच आहे. एरवी कुणालाही हाका मारणारे कविराज त्या गल्लीच्या तोंडाशी आले की पिशवीत काहीतरी शोधायला लागतात.

काकू कधी बोलत नाहीत. एकदाच म्हणाल्या, ‘लिहू द्या हो. पण पूरा दिवाण पुस्तकांनी भरलाय, पाहुण्यांच्या गाद्या ठेवू कुठं?’

म्हणून सांगतो, कमानिया गेटापाशी खांद्यावर हात पडला तर पळू नका. एक प्रत घ्या, दीडशे रुपये आहे. कविता बेताच्या आहेत, सही मात्र सुरेख करतात. आणि दोन प्रती घेतल्यात तर काकूंची एका गादीची तरी सोय होईल.