फोडणीचं कलम

श्टुटगार्ट,
14 एप्रिल

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

घर मिळालं. ते व्हॉट्सॲपवर कळवलंच होतं, आणि आईने उत्तरादाखल हात जोडलेली नि फुलांची मिळून अकरा चित्रं पाठवली, तीही पोचली. पण करार कसा ठरला हे फोनवर सांगायला घेतलं की बाबा दुसऱ्याच वाक्याला "अगं, पण भाडं कमी करायला सांगितलंस का?" म्हणून अडवतात. पत्राला मध्ये तोडता येत नाही, म्हणून हे पत्र.

आधी तेवढं सांगून टाकते. नाही सांगितलं. इथे त्या आकड्याला हात लावला तर आपली फाइल ढिगाच्या तळाशी जाते. घर बघायला गेलो तेव्हा जिन्यात रांग होती. प्रत्येकाच्या हातात तीन महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या, कर्ज थकलेलं नसल्याचा शूफाचा दाखला आणि आधीच्या मालकाचं "यांच्याकडे भाड्याची बाकी नाही" असं पत्र. तुमच्या जावयांनी इस्त्रीचा शर्ट घालून मंद हसत तासभर उभं राहून दाखवलं. आपल्याकडे पोहे खायला आले होते तेव्हा एवढे नीट बसले नव्हते.

भाड्याला इथे मीटं म्हणतात, आणि ते थंड असतं किंवा गरम. आमचं थंड भाडं 1,150 युरो. त्यात हीटर, पाणी, कचरा, जिन्यातला दिवा यांचे 280 मिळवले की ते गरम होतं. वीज आणि इंटरनेट गरम भाड्यातही नसतं. ते वेगळं भाजतं.

आणि घर रिकामं म्हणजे अगदी रिकामं, बाबा. ओटा नाही, सिंक नाही, छतातून नुसत्या वायरी लोंबतायत. लोक घर सोडताना स्वयंपाकघर उचकटून नेतात, नाहीतर पुढच्याला विकतात. आमच्या आधीचा भाडेकरू ओटा, कपाटं आणि शेगडी मिळून 2,500 मागत होता. इथे मात्र माझ्यातली तुळशीबाग जागी झाली. एक कप्पा अडकतो, शेगडीच्या एका खटक्यावरचे आकडे पुसलेत, कपाटाच्या बिजागरीला गंज आहे, असं एकेक दाखवत, मध्ये एकदा "राहू दे, आम्ही नवंच घेऊ" म्हणून दारापर्यंत जाऊन परत येत 1,600 वर आणलं. जावई लाजून बाल्कनीत जाऊन उभे होते. खाली उतरल्यावर म्हणाले, पडदे लावायच्या दांड्याही मागायच्या होत्यास.

आता करार. मालकीणबाई बहात्तरच्या, खालच्या मजल्यावर राहतात. त्यांनी आम्हाला रविवारी दुपारी कॉफीला बोलावलं, प्लमचा केक कापला आणि अठरा पानं मांडली. ओळीखाली पट्टी ठेवून, शिसपेन्सिलीने टिंबं देत, प्रत्येक कलम मोठ्यांदा वाचलं. मधे विचारलं, गाव कुठलं. पुणं म्हटल्यावर चेहरा कोरा. मग म्हणाल्या, मुंबई तर 1968 पासून आमच्या शहराची भगिनी आहे, पुणं त्याच्या जवळच ना? बाबा, मी "हो, त्यातलंच" म्हटलं. सही व्हायची होती, समजून घ्या.

मला तुमचा करार आठवत होता. वरच्या मजल्यासाठी तुम्ही करता तो, अकरा महिन्यांचा. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो, हे एजंटाने दहादा सांगूनही तुमची अकरावरची श्रद्धा ढळलेली नाही. आणि खरा करार तर त्या कागदात नसतोच. तो तुम्ही पायरीवर उभं राहून तोंडी सांगता: दहाला फाटक बंद, गच्चीत वाळवण नाही, आणि त्या मालवणच्या जोडप्याला, सुकट भाजायची नाही.

इथे उलटं आहे. सगळं कागदावर, आणि कागदाच्याही वर कायदा. कागदावर सही केली तरी काही अटी बादच. हे आम्हाला भाडेकरू संघटनेच्या वकीलबाईंनी शिकवलं. वर्षाची वर्गणी भरली की त्या करार तपासून देतात. डिपॉझिट तीन महिन्यांच्या थंड भाड्यापेक्षा जास्त मागताच येत नाही. तेही तीन हप्त्यांत भरायचा भाडेकरूला हक्क. आणि मालकाने ते स्वतःच्या पैशांपासून वेगळं ठेवायचं, व्याज भाडेकरूचं. हे वाचून तुमची फार आठवण झाली. वरच्या पोरांचं डिपॉझिट तुम्ही आईच्या मोतीबिंदूत ठेवलं होतंत.

रंगाचंही तसंच. "दर तीन वर्षांनी स्वयंपाकघर रंगवावं" असं ठरलेल्या मुदतीचं कलम छापलेलं होतं. वकीलबाई म्हणाल्या, ते राहू दे, कोर्टात टिकत नाही, उगाच आत्ता वाद घालू नका. मला हे पटेना. चूक दिसत असताना गप्प बसायचं? पण जावयांनी टेबलाखालून पाय दाबला. छोट्या दुरुस्त्यांवर मात्र बोललो: गळका नळ, खिडकीची मूठ असलं काही भाडेकरूने करायचं, दर वेळी 150 युरोपर्यंत. ते 100 वर आणलं आणि वर्षाची कमाल मर्यादाही लिहून घेतली. बाईंनी पेन्सिलीने खोडलं, पेनने लिहिलं, बाजूला आद्याक्षरं केली.

मग आलं कलम चौदा. दोन वर्षं कुणीही करार मोडायचा नाही. जावई घाबरले, नोकरी गेली तर? वकीलबाईंनी डोळे मिटून विचारलं, मालकिणीला मुलं, भाचे कुणी आहेत का? इथे भाडेकरूला सहजासहजी काढता येत नाही, पण मालकाला स्वतःला किंवा घरच्या माणसाला राहायला घर हवं असेल तर ते कारण चालतं. बाईंचा एक नातू म्युनिकला शिकतोय, पुढच्या वर्षी संपतंय, हे त्या केक वाढताना बोलल्या होत्या. म्हणजे ज्या कलमाला आम्ही बेडी समजत होतो ती दोन वर्षं बाईंच्याही पायात होती! आम्ही दुसऱ्या दिवशी जाऊन अतिशय जड मनाने ते मान्य केलं. फक्त एक ओळ वाढवून घेतली, की नोकरीमुळे गाव सोडावं लागलं तर तसाच दुसरा भाडेकरू आणून देऊ आणि सुटू.

आणि कलम सतरा. घरात उग्र वासाचा स्वयंपाक करू नये.

आई, आता वाचताना हसू नकोस. मी म्हटलं, उग्र म्हणजे काय? बाई म्हणाल्या, तुम्हीच दाखवा. म्हणून मी त्यांच्याच ओट्यावर, त्यांच्याच बीडाच्या तव्यात फोडणी केली. तेल तापलं, मोहरी तडतडली, जिरं, मग हिंग. बाई हातात घड्याळ घेऊन जिन्यात गेल्या. पहिल्या मजल्यावर वास पोचायला चार मिनिटं लागली, दुसऱ्यावर नऊ. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी दार उघडून विचारलं, कुठे जेवायला बोलावलंय? बाईंनी ते सगळं एका वहीत टिपलं.

मोहरीबद्दल त्यांची तक्रार नव्हती. प्रश्न हिंगाचा होता. हे काय, म्हणून विचारलं. जर्मन नाव मला येत नव्हतं, मोबाइलमध्ये शोधलं आणि न वाचताच त्यांच्यापुढे धरलं. टॉयफेल्सड्रेक. म्हणजे सैतानाची घाण. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मी सांगितलं की हे पोटाला चांगलं असतं. एवढी जर्मन मला येते.

शेवटी कलम सतरा असं झालं: स्वयंपाक करताना जिन्याकडचं दार बंद, ओट्यावरचा पंखा चालू, आणि नंतर खिडक्या पूर्ण उघडून दहा मिनिटं हवा. खिडकीची मूठ वर फिरवली तर ती नुसती कलते. ते चालत नाही, बुरशी धरते. मूठ आडवी, तावदानं सताड, दिवसातून दोनतीनदा, बाहेर उणे पाच असलं तरी. बाईंनी मला हे तिन्ही खोल्यांत करून दाखवलं आणि मग माझ्याकडून करवून घेतलं. हिंग राहिला. सुकटीचं मी विचारलंच नाही. तुमच्या मालवणच्या भाडेकरूंना यातलं काही सांगू नका, नाहीतर तेही घड्याळ घेऊन खाली येतील.

घर ताब्यात घेताना दीड तास लागला. मीटरचे आकडे, किल्ल्या पाच, लाकडी जमिनीवर ओरखडे सहा, त्यातला एक चार सेंटिमीटर. फोटोसकट लिहून सह्या.

आता तुमच्या कामाचं. माणसांच्या रकान्यात दोघं लिहिलेली होती. जूनमध्ये आई-बाबा नव्वद दिवसांसाठी येणार म्हटल्यावर बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. सहा आठवड्यांपर्यंत पाहुणा, त्यापुढे तो राहणारा, असा इथला साधारण हिशेब. पाणी आणि कचरा माणशी मोजतात. बोलणी पाऊण तास चालली. निष्पन्न असं: तुमची दोघांची पूर्ण नावं आणि जन्मतारखा करारात गेल्या, तीन महिन्यांचं जादा पाणी आम्ही भरायचं, आणि त्या काळात आमच्या घराकडे केरवोखं एकेक आठवडा जादा.

केरवोखं म्हणजे झाडण्याचा आठवडा. "केर" तोच, बाबा, शब्दसुद्धा शिकायला नको. दारावर पाटी लटकते आणि ज्याच्या दारावर ती, त्याने त्या आठवड्यात जिना, तळघराच्या पायऱ्या आणि रस्त्याकडची फरशी झाडायची. 1988 पर्यंत हे इथे शहराच्या नियमातच होतं, आता करारात असतं. बाईंनी विचारलं, जादा आठवडे कोण करणार? तुमच्या जावयांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, माझे सासरे, त्यांना स्वच्छतेची फार आवड. बाईंनी लिहून घेतलं. आद्याक्षरं मी केली.

तुम्ही 6 जूनला उतरताय, पाटी 8 ला आमच्या दारावर येते. झाडू घेऊन ठेवलाय, लांब दांड्याचा, कमरेत वाकावं लागत नाही. कोपऱ्यात पानं राहिली तर बाई काही बोलत नाहीत, स्वतः झाडू घेऊन तेवढाच कोपरा तुमच्यासमोर झाडतात. रविवारी झाडायचं नाही, आवाज होतो. लेंगा चालेल. नुसत्या बनियनवर नको. हे करारात नाही, मी सांगतेय.

सर्वांना यथायोग्य नमस्कार, आशीर्वाद.

तुमची,
धाकटी

ता. क. आई, हिंगाच्या दोन डब्या आण, झाकणाला चिकटपट्टी लावून. विमानतळावर कुणी विचारलं तर त्याचं जर्मन नाव मात्र सांगू नकोस.