बर्फाचा धनी

बॉस्टन शहराचा नियम असा, की बर्फ पडायचा थांबला की तीन तासांत आपल्या दारासमोरचा फुटपाथ मोकळा करायचा. रात्री पडला असेल तर सूर्य उगवल्यापासून तीन तास. फुटपाथवर चालणार गाव, बर्फ देवाचा, पण खोरं आपलं आणि दंडही आपल्यालाच! हे ऐकलं आणि माझ्यातला वकील जागा झाला. जावई आधीच जागे होते, ते बूट चढवत होते.

अंबाजोगाईच्या कोर्टात बांधाच्या भांडणांवर ज्याची हयात गेली, त्याला ही गोष्ट पचायची कशी? आमच्याकडे वीतभर बांधासाठी तीन पिढ्या तारखा घेतात. पण त्याच बांधावरची बाभूळ रस्त्यात आडवी झाली की ती कुणाचीच नसते. "जावईबापू, मुळात ही जबाबदारी तुमच्यावर येतेच कशी?" असा मुद्दा मी खिडकीच्या आतून उपस्थित केला. खिडकीला दुहेरी काच होती. ते बाहेरून हात हलवून हसले आणि पुन्हा उकरायला लागले.

मग मी कायदाच काढून बसलो. लेकीच्या घरी राहणाऱ्या बापाने काहीतरी करताना दिसलेलं बरं असतं. आणि काय सांगू! 1883 सालच्या एका खटल्यापासून मॅसॅच्युसेट्सच्या कोर्टांनी असं धरलं होतं, की बर्फ आपोआप पडला, आपोआप गोठला आणि त्यावरून कुणी घसरलं, तर मालक मोकळा. पण मालकाने तो उकरून ढीग लावला, ढिगाचं पाणी पुन्हा गोठलं आणि त्यावर कुणी आपटलं, तर मालक सापडला. हात लावला तो फसला! घरकामाच्या बाबतीत लग्न झाल्यापासून माझं हेच म्हणणं आहे. बायकोसमोर ते एकदाही टिकलं नाही, आणि इथे ते शंभरावर वर्षं टिकलं.

दुर्दैवाने 2010 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मोडीत काढलं. डॅनव्हर्स गावात पापाडोपुलोस नावाचे गृहस्थ डिसेंबर 2002 मध्ये एका दुकानाच्या पार्किंगमध्ये घसरले होते. पायाखालचा बर्फ ढिगाऱ्यातून गळून पडलेला, की ढिगाऱ्याचं पाणी वाहून गोठलेला, यावर बराच खल झाला. शेवटी न्यायालय म्हणालं, बर्फाची जन्मकुंडली राहू द्या, मालकाने वाजवी काळजी घेतली का तेवढं बघा. म्हणजे 127 वर्षं आळशी माणसाच्या बाजूने असलेला कायदा मी विमानात बसण्याआधीच वारला. असा योग माझ्याच नशिबी.

बर्फ असा फुकट येतो, हेच मला मान्य होत नव्हतं. बर्फ म्हणजे लादी. मे महिन्यातलं लग्न, पत्र्यासारखं तापलेलं आभाळ, आणि टेंपोतून पोत्यात गुंडाळून, भुसा लावून आलेली लादी. तिला नवरदेवाआधी सावलीत घ्यायचं. मग एक जाणता माणूस टोच्या घेऊन पुढे यायचा आणि एरवी ज्याला घरात कुणी विचारत नाही तो हुकूम सोडायचा, "सरका, पोरांनो!" पोरं सरकत नसत. उडालेला तुकडा भुशासकट तोंडात टाकायचा, ही त्या लग्नातली पहिली पंगत. बाकीची लादी पाण्याच्या टाकीत. आणि संध्याकाळी हिशेबाला बसलं की वाद ठरलेला: वाटेत वितळली त्याचे पैसे कुणी द्यायचे? टेंपोवाला म्हणे, मी लादी भरली तशी आणली. वधूपिता म्हणे, उतरली तेवढीच माझी. पाणी झालेल्या बर्फाचा धनी कोण, या प्रश्नावर मी वकील होण्याआधीच मांडवात युक्तिवाद केलेला आहे, आणि दोन्ही बाजूंनी.

आभाळातून पडणारा बर्फही आम्हाला नवा नाही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चात मराठवाड्यावर गारा बरसल्या, उभी रब्बी आडवी झाली. फक्त आमचा बर्फ थांबत नाही. पीक विम्याचा नियम होता, की गारपीट झाली की 72 तासांच्या आत कंपनीला कळवायचं, मग पाहणी. बॉस्टनला बर्फ दारात राहिला म्हणून दंड. आमच्याकडे तो राहत नाही म्हणून झडलेल्या घाट्यांनी साक्ष द्यायची. जबाबदारी वाटून घेण्यात तर आमच्या जिल्ह्याचं नावच लागलंय. 2020 चा बीड पॅटर्न: भरपाई जमा हप्त्याच्या 110 टक्क्यांपर्यंत कंपनीने सोसायची, त्यापुढची राज्य सरकारने; आणि भरपाई फारच कमी निघाली तर कंपनीने 20 टक्के ठेवून उरलेलं सरकारला परत द्यायचं. कंपनीने किती सोसायचं ते ठरलं. शेतकऱ्याने किती सोसायचं, त्याला तेवढा आकडा लावलेला नाही. कलमं वाचण्यात आयुष्य घालवलेल्या मला या एका गोष्टीचा अजून राग येतो, आणि तो दुहेरी काचेच्या आतून काढण्याचा नाही.

बाहेर जावयांचा ढीग कमरेएवढा झाला होता, तेवढ्यात केजहून भाच्याचा फोन आला.

"मामा, परवा रातच्याला गारा पडल्या. हरभरा गेला समदा."

"72 तास व्हायचेत अजून. फोन लाव त्यांना."

"लावलाय. लागंना. अ‍ॅपवर फोटू मागतंय."

"मग काढ की."

"कशाचा काढू? गारा तर पहाटंपत्तूर इरघळल्या." थोडा थांबून म्हणाला, "मामा, तुमच्याकडं लई बर्फ हाय म्हणं. त्याचाच एक धाडता का?"

खोटा पुरावा तयार करण्याची कलमं मला तोंडपाठ आहेत. ती मी त्याला खडसावून ऐकवलीही. पण फोन कानाला तसाच ठेवून खिडकीतून एकदा ढिगाकडे नजर टाकली. हरभऱ्याच्या मानाने तो फारच मोठा दिसत होता.