नवी मुंबईतील समस्त अळ्यांना अनावृत पत्र

अळीबाई, स.न.वि.वि.

वाशीपासून खारघरपर्यंतच्या सोसायट्यांच्या बागांत आपण विनापरवाना मुक्काम ठोकता, तगर कुरतडता, लिंबाची पानं फस्त करता, अशी रहिवाशांची तक्रार आहे. आम्ही निसर्गप्रेमी असल्यामुळे हे खपवून घेणार नाही. आपल्यातलीच एक पुढे ब्लू मॉरमॉन, म्हणजे राणी पाकोळी होते. २०१५ साली महाराष्ट्रानं तिला राज्य फुलपाखराचा मान दिला. तिचं चित्र आमच्या भिंतीवर शोभतं. मात्र ही राणी लिंबावर वाढते आणि बालपणी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, ही बाब आमच्या सोसायटीच्या कमिटीसमोर कुणी मांडलीच नव्हती. तरी आपण यापुढे थेट पंखांसह हजर व्हावं.

आपली बाजू ऐकू लागलं की पंचाईत होते. कण्हेर विषारी, गुरं तिला तोंड लावत नाहीत, म्हणून ती महामार्गाच्या दुभाजकावर सुखानं फुलते. तेच विष पचवून आपल्यातली एक हिरवी, निळ्या डोळ्यांसारखे ठिपके मिरवणारी अळी बोटाएवढी होते. तगरही तिला चालते. तिनं फांदी बोडकी केली तरी झाड सहसा मरत नाही, पुन्हा पालवतं. याहून जास्त पानं माळी कात्रीनं उतरवतो. त्याचं बिल आम्ही बिनतक्रार मंजूर करतो. म्हणजे आक्षेप नुकसानीला नाही. नुकसान आमच्या हुकमाविना झालं, एवढाच आक्षेप आहे.

काही सभासद म्हणतात, रासायनिक नको, जैविक फवारू. बीटी हा जिवाणू अळीच्या पोटात जाऊन तिला मारतो. माणसाला आणि पाखरांना त्याचा त्रास नाही, हे खरंच. पण फवारलेलं पान खाणारी अळी उपद्रवी की राज्यमान्य, हे तो विचारत नाही. शिवाय बागेत शिंपी आणि सूर्यपक्षी हवेत, असंही याच सभासदांचं म्हणणं. फुलांतला मध पिणारा सूर्यपक्षीसुद्धा पिल्लांना किडे-अळ्याच भरवतो. अळ्या संपवून पाखरं बोलवायची, ही योजना फक्त आमच्याच सभेत एकमतानं मंजूर होऊ शकते.

देवपूजेच्या फुलांचं काय, हा प्रश्न रास्त आहे. त्यासाठी सगळ्या बागेवर पंप फिरवायची गरज नाही. कोवळ्या रोपावरच्या अळ्या हातानं वेचून साबणाच्या पाण्यात टाकल्या की काम भागतं; मोठ्या तगरीवर तेवढंही नको. केसाळ सुरवंटांनी अंगाला खाज सुटते, तेव्हा मुलांच्या वाटेवर दिसलेल्यांना चिमट्यानं उचलू. बाकीच्या मंडळींची तक्रार आम्ही तूर्त दप्तरी दाखल करून ठेवतो. मोगऱ्याच्या कळीत शिरून आतून पोखरणाऱ्यांनी मात्र या पत्राचा आधार घेऊ नये. आपल्या कळ्या रोज सकाळी खुडल्या जातील.

आपली,
फुलपाखरूप्रेमी सोसायटी