ठिणग्यांचा भाव

जुन्या बाजारात हत्यार ओळखणं फारसं कठीण नाही. आपण ते ओळखलंय हे चेहऱ्यावर दिसू न देणं, ही खरी विद्या. उधारी थकलेला वाणी समोरून आला की माणूस जसा आभाळ न्याहाळत चालतो, तसं तिथे वागावं लागतं. नजर असावी पटाशीवर आणि हातात घ्यावी शेजारची मोडकी इस्त्री.

पुण्याच्या मंगळवार पेठेत दर रविवारी आणि बुधवारी हा बाजार भरतो. गंजके पाने, काटे नसलेली घड्याळं, कुणाच्या तरी आजोबांचा फ्रेमसकट फोटो, आणि या सगळ्याच्या बुडाशी कधीतरी लेथवर लाकूड कातायची हत्यारं निघतात. विकणाऱ्याच्या लेखी त्या ‘लांबवाल्या पटाश्या’. सुताराची पटाशी जन्मभर ठोके खाते, त्यामुळे तिच्या मुठीचं डोकं चेपलेलं, फाटलेलं. कातकामाच्या हत्यारावर कुणी कधी हात उगारलेला नसतो. फिरायचं ते लाकूड फिरतं. हत्यार नुसतं टेकवून घट्ट धरायचं. म्हणून त्याची मूठ चांगली लांब आणि डोकं नितळ. अशी बिनठोक्याची मूठ दिसली की माझ्या छातीत धडधडतं आणि मी तोंडाने इस्त्रीचा भाव विचारतो.

मग छाप शोधायचा. अंगठ्याने गंज चोळत गेलं की ‘शेफील्ड’ उमटतं. मार्पल्सचं तीन पानांचं शॅमरॉक किंवा रॉबर्ट सोर्बीचं कांगारू दिसलं तर तो दिवस सोन्याचा. एकदा कांगारू पाहून विकणारा म्हणाला, “साहेब, ऑस्ट्रेलियाचा माल आहे.” मी मान डोलावली. जुन्या बाजारात ऑस्ट्रेलिया नेहमी इंग्लंडपेक्षा स्वस्त पडतो, मग उगाच भूगोल कशाला शिकवा? छापात देशाचं नाव आहे का, हेही बघावं. अमेरिकेने १८९० साली आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, त्यानंतर शेफील्डच्या हत्यारांवर ‘इंग्लंड’ हा शब्द सर्रास दिसू लागला, आणि ‘मेड इन इंग्लंड’ तर त्याहून पुढचं. नाव नसेल तर माल जुना असू शकतो. किंवा नाव गंजाने खाल्लेलं असू शकतं.

या खेपेला माझ्यासोबत आमचे शेजारी होते. बँकेतून निवृत्त, त्यामुळे कुठल्याही वस्तूत खोट काढण्याचा दांडगा अनुभव. मी एका गोल पटाशीवरचा ‘कास्ट स्टील’ छाप दाखवला तर ते मोठ्याने म्हणाले, “कास्ट म्हणजे बीड हो! पडलं की तुकडे.” आता हे कास्ट स्टील म्हणजे मुशीत वितळवून ओतलेलं अस्सल पोलाद. बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीला घड्याळाच्या स्प्रिंगा मनासारख्या मिळेनात, म्हणून त्याने १७४० च्या दशकात ही रीत बसवली. पण मी गप्प राहिलो, कारण शेजाऱ्यांच्या वाक्यासरशी भाव पन्नास रुपयांनी उतरला होता.

विकणाऱ्याने मग दुसरी पटाशी पुढे केली. “ही घ्या, हिच्यावर नक्षी आहे.” नक्षी म्हणजे कानशीचे दाते. कुणीतरी जुनी कानस घासून पटाशी केली होती. कानस कडक आणि ठिसूळ. फिरत्या लाकडात अडकली की काडकन मोडते आणि तुकडा कुठे जाईल हे तुकड्यालाच ठाऊक. अशा वस्तूची किंमत शून्य, नक्षीसकट.

उरलेल्या दोन पटाश्या मात्र डोकं खात होत्या. पलीकडेच सायकलवर सुऱ्यांना धार लावणारा बसला होता. मी दोन्ही त्याच्या चाकाला टेकवायला दिल्या. पहिलीतून, त्या ‘कास्ट स्टील’वालीतून, पांढऱ्या-पिवळ्या ठिणग्यांची फुलबाजी उडाली. दुसरीतून तांबूस, मरगळलेल्या चार ठिणग्या कशाबशा निघाल्या. विकणारा फुलबाजीने हरखला. “बघा, केवढी फुलली! असली माल! आता चारशेच्या खाली नाही.” मघाशी तिचे दीडशे होते. मरगळलेली त्याने साठ रुपयांना माझ्या अंगावर टाकली.

वास्तविक भरघोस ठिणग्या साध्या कार्बन पोलादाच्या. धार सुरेख येते, पण ग्राइंडरवर जरा जास्त दाबलं की कडा निळी पडते आणि पाणी उतरतं. कंजूष, तांबड्या ठिणग्या हायस्पीड स्टीलच्या. ते लाल होईपर्यंत तापलं तरी सहसा नरम पडत नाही. लेथवर रोज काम करणारा माणूस या कंजूष बाईलाच जास्त पैसे मोजतो. मी घाईघाईने पन्हळ किती उरलीय ते पाहिलं. गोल पटाशीचं सगळं आयुष्य त्या पन्हळीत असतं; ती झिजून संपली की मागे फूटभर लोखंड असलं तरी ते फक्त भाजीचे मळे खणायला. इथे चांगली चार बोटं बाकी होती. साठ रुपये दिले. फोनवर सौभाग्यवतींना आनंदाने सांगितलं, तर म्हणाल्या, “त्यापेक्षा सावंतवाडीची लाकडी फळं आणायची, आयती कातून, रंगवून मिळतात.”

निघणार तोच एक तरुण त्या चारशेवाल्या पटाशीपाशी येऊन उभा राहिला. त्याने आधी इस्त्री उचलली, तेव्हाच मी ओळखलं. विकणाऱ्याने माझ्याकडे बोट दाखवलं, “या साहेबांना विचारा, यांना सगळं कळतं.” तरुणाने आशेने वळून पाहिलं. विकणाऱ्याचे डोळेही माझ्याकडे लागले. पुढच्या बुधवारी पुन्हा यायचंच होतं मला. मी चष्मा पुसला, पटाशी हातात घेतली, छापावरून अंगठा फिरवला आणि म्हणालो, “बीड आहे हो. पडलं की तुकडे.”