सुती असेल तर बोला

"गेले का हो मास्तरीणबाई पाव्हणे?"

"सकाळच्या गाडीनं गेले. तुमचे?"

"भालकीची बहीण हाय की अजून. जायाचं नावच काढंना. आन् काढंल तरी कशाला? तिला काय, निम्मी वाट फुकट आन् निम्मी अर्ध्या तिकिटात!"

अक्कांचं घर आणि आमचं घर ह्यांच्यामध्ये छातीएवढी भिंत आहे. त्यांच्या अंगानं भिंतीवर वाकळा वाळत असतात आणि आमच्या अंगानं शाळेला निघायच्या आधी मी चहाचा कप घेऊन उभी असते. वर्तमानपत्र आमच्याकडं उशिरा येतं, आणि त्यात देवणीचं असतं तरी काय?

बहिणीचं गणित मात्र खरं आहे. कर्नाटकानं जून २०२३ पासून तिथल्या बायांना राज्यातल्या राज्यात बसचा प्रवास फुकट केला. त्याआधी मार्चमध्ये आपल्या एसटीत बायांचं तिकीट अर्धं झालं होतं. भालकी बिदर जिल्ह्यात. म्हणजे ही बाई आधार कार्ड दाखवून हद्दीपर्यंत फुकट येते, तिथं गाडी बदलते आणि अर्ध्या तिकिटात देवणीला उतरते. आधी ती पंचमीला आणि येळवशीला यायची. आता डोकं दुखलं तरी येते.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळा अमावस्या. लातूर-धाराशिवच्या बाहेरच्या माणसाला तिचं वेड सांगून कळत नाही. त्या दिवशी जिल्ह्याला सुट्टी असते, गाव ओस आणि रानं भरलेली. कडब्याची कोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, भज्जी, उंडे, गाडग्यातली आंबील. पुण्या-मुंबईला गेलेली पोरं एकवेळ दिवाळी चुकवतील, येळवस चुकवणार नाहीत. येताना मोबाइलचा चार्जर तेवढा आठवणीनं आणतात, अंथरूण-पांघरूण घरात असतंच. थंडी ऐन भरात, आणि एका खोलीत तीन बिऱ्हाडं.

"जेवणाचं काय न्हाई," अक्का म्हणाल्या. "भज्जीत पानी घाटलं की भज्जी वाढती. वाकळंत काय घालावं?"

अक्कांच्या वाकळांना नावं आहेत, आणि तीही जनावरांची. देवणीचं नाव दूरवर माहीत आहे ते इथल्या गोवंशामुळं. त्यात तीन वाण सांगतात. पांढराशुभ्र तो बालंक्या, तोंडाच्या दोन्ही बाजूंनी काळा तो वानेरा आणि अंगभर काळे ठिपके असलेला शेवरा. अक्कांच्या सासऱ्यांच्या धोतरांची पांढरी वाकळ ती बालंकी. दोन्ही टोकांना काळ्या चंद्रकळेची पट्टी आहे ती वानेरी. बाकी उरल्यासुरल्या चिंध्यांच्या सगळ्या शेवऱ्या. पाहुणा कोण आहे, त्यावर कुठली वाकळ निघणार ते ठरतं. गोंधळ झाला तो इथंच.

"धाकल्या जावायाला शेवरी गेली हो. अंधारात पोरीनं काढून दिली. थोरल्याच्या अंगावर बालंकी. ह्यानं बघितलं, काई बोलला न्हाई. रात्री दोनला उठला आन् गाडीत जाऊन झोपला."

"ह्या थंडीत?"

"गाडीत हीटर असतंय मनं. असू द्या. पण सकाळी पेट्रोल संपलं ना!"

अक्का गावातल्या सगळ्या घरांची खबर ठेवतात. लोक त्याला चोंबडेपणा म्हणतात, मला ते पटत नाही. शिंप्याचा माल दुकानात मिळतो, वाकळ शिवणारीचा माल लोकांच्या ट्रंकांत असतो. कुठली म्हातारी अजून लुगडं नेसते, कुणाचा सासरा अजून धोतरात आहे, कुठल्या सुनेनं सासूच्या माघारी कपाट उपसायला घेतलंय, हे कळलं नाही तर अक्कांची सुई चालणार कशी? त्या एखाद्या घराची चौकशी करायला लागल्या की समजावं, तिथं कापड आहे.

मागच्या पावसाळ्यात वरच्या गल्लीतली एक म्हातारी गेली. तीन सुना. सोन्यावरून व्हायचं ते झालं, लुगड्यांकडं कुणी ढुंकून पाहिलं नाही. त्यात चांगली चार इरकली होती. थोरलीनं सगळं गाठोडं बोहारणीला देऊन स्टीलचं पातेलं घेतलं. दहाव्याला लेक आली आणि म्हणाली, मला काही नको, आईच्या लुगड्याची एक वाकळ तेवढी शिवून द्या. झालं! सुना एकमेकींच्या तोंडाकडं बघत बसल्या. अक्कांनी दुसऱ्याच दिवशी बोहारणीला वलांडीच्या बाजारात गाठलं, घरातल्या दोन प्लास्टिकच्या बादल्या तिच्या पाटीत टाकल्या आणि तीन लुगडी सोडवून आणली.

"आणि चौथं?"

"चौथं तिनं सवता नेसलं व्हतं की. अंगावरचं कसं मागावं?"

गेलेल्या माणसाचं कापड वाकळेत घालावं की नाही, ह्यावर गावात दोन तट आहेत. काही घरी ते दारातसुद्धा ठेवत नाहीत. अक्कांचं म्हणणं, पांघरणाऱ्यानं ठरवावं, शिवणाऱ्यानं विचारू नये.

नऊवारीचा हट्ट मात्र उगीच नाही. दोघांना पुरेल अशी वाकळ असली की वरची बाजू आणि खालची बाजू, दोन्ही एका लुगड्यात निघतात. सहावारीत एक बाजू होते, दुसरीला जोड लागतो. जोडाला शिवण आली, आणि शिवण सगळ्यात आधी उसवते. त्यातून आता सुती मिळतं कुठं? मी स्वतः वर्गात नेसते त्या साड्या जॉर्जेट नाहीतर पॉलिस्टर, धुवायला सोप्या म्हणून. अक्कांच्या लेखी मी वाया गेलेलं घर आहे.

"ह्यात सुई सरकती, आतला थर सरकतोय, घाम पीत न्हाई. सुती कसं, धुऊन धुऊन मऊ पडतंय. हे दहा वर्सांनी बी तसंच चमकायलंय. मेल्यावर बी चमकंल."

खाली धुतलेलं लुगडं ओसरीवर ताणून पसरायचं, चार कोपऱ्यांवर दगड. आत धोतराचे, पटक्याचे, फाटक्या चादरीचे तुकडे बसवायचे. सोलापुरी चादर जाड, ती मधल्या थराला चालते, पण दोन घेतल्या तर सुई वाकते. मग वरचं कापड, आणि लांब लांब टाके घालून सगळं टाचून घ्यायचं. खरं शिवण त्यानंतर. काठापासून धावदोरा सुरू करायचा आणि चौकोनात चौकोन घालत मध्याकडं यायचं. आत चुणी राहिली तर ती झोपणाऱ्याच्या पाठीला जन्मभर टोचते. थर पाच झाले की घरातलं शिलाई मशीन हात टेकतं. एकदा नातवानं जबरदस्तीनं घालून पाहिलं, सुईचा तुकडा उडून चहात पडला.

दोघी बहिणी समोरासमोर बसून शिवतात आणि भांडतात. भालकीवाली वाकळेला कौदी म्हणते, ते चालतं. तिचे टाके लांब पडतात, ते चालत नाही. ती उठून चहा टाकायला गेली की अक्का तिची ओळ उसवून पुन्हा घालतात. तिला हे माहीत आहे. म्हणूनच ती टाके लांब घालते, असा माझा संशय आहे.

शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी अक्कांच्या सासूबाई आत ज्वारीचे चार दाणे टाकायच्या, वाकळ उपाशी राहू नये म्हणून. अक्कांनीही ते चालवलं. दोनदा उंदरानं नेमका तोच कोपरा कुरतडला. तेव्हापासून दाणे वाकळेला नुसते दाखवतात आणि चिमण्यांना टाकतात.

सासूबाईंची एक वाकळ अजून घरात आहे. तिचं सगळ्यात आतलं लुगडं आलं तेव्हा देवणी उदगीर तालुक्यात होती आणि उदगीर हैदराबाद संस्थानच्या बिदर जिल्ह्यात. फाटली तेव्हा वरून दुसरं लुगडं चढवलं, तोवर १९५६ उलटून जिल्हा उस्मानाबाद झाला होता. तिसरं चढलं ते १९८२च्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाल्यानंतर. म्हणजे एकाच पेटीत राहून वाकळेनं तीन जिल्हे पाहिले. उस्मानाबादचं आता धाराशिव झालंय, तर मधला थर बदलायचा का, असं मी विचारलं. अक्का म्हणाल्या, "सरकार दोरा देत आसंल तर बदलते."

अक्कांचं माहेर औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या अंगाचं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेच्या भूकंपानंतर त्या घरातून काढलेली एक वाकळ त्यांच्याकडं आहे. ती धुतात, वाळवतात, पांघरायला कुणाला देत नाहीत. त्याबद्दल त्या भिंतीवर बोलत नाहीत, मीही विचारत नाही.

धुण्यावरून आठवलं. आमच्याकडं घटस्थापनेच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन निघतं. भिजलेली वाकळ एकटीच्यानं उचलत नाही, चार हात लागतात, म्हणून नदीवर जावा-जावा आणि शेजारणी ठरवून जायच्या. अर्ध्या गावाचे सोयरसंबंध तिथं जुळले आणि उरलेल्यांचे तिथंच मोडले. २०१५च्या दसऱ्याला पाणीच नव्हतं. त्या वाकळा नुसत्या झटकल्या, उन्हात टाकल्या आणि पुन्हा घेतल्या. पुढच्या एप्रिलात मिरजेहून लातूर शहराला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. टीव्हीवर ती बघून अक्कांनी विचारलं होतं की ह्यात वाकळा किती निघतील. त्याच वर्षी पाऊस असा पडला की मांजरा धरण भरलं, आणि गावानं दोन वर्षांचा मळ एकदम काढला.

दुपारी अक्का वाचतात. शिक्षण चौथीपर्यंत, पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून डोळे सोळा वर्षांच्या पोरीचे, असं त्याच सांगतात. मान अवघडली की सुई वाकळेत टोचून ठेवायची आणि दोन पानं वाचायची. २०२२च्या एप्रिलात उदगीरला ९५वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा मी त्यांना घेऊन गेले. एसटीचा संप जेमतेम मिटत होता, म्हणून जीपमध्ये कोंबून गेलो. अध्यक्ष भारत सासणे होते. अक्कांनी भाषण ऐकलं नाही, मंडपाचं कापड चिमटीत धरून पाहिलं ("पॉलिस्टर!") आणि पुस्तकांच्या दालनात शिरल्या. तिथून त्यांनी लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' आणलं, आपल्या जिल्ह्यातल्या माणसाचं म्हणून. त्याला १९८८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता, हे मी त्यांना जीपमध्ये सांगितलं. महिना-दीड महिना ते पुस्तक त्यांच्या मांडीवर होतं. मग एक दिवस भिंतीवर कोपरं टेकून म्हणाल्या:

"एवढं घरचं-दारचं सगळं लिवलं, घरच्यांनी काई मनलं न्हाई व्हय?"

"आत्मचरित्र आहे ते, अक्का. खरं लिहायचं असतं."

"म्हंजे आपुन भितीवर बोललं की लोक नावं ठेवतेत, आन् छापलं की अकादमी मिळती."

आनंद यादवांचं 'झोंबी' त्यांना मी दिलं. त्यातलं पोरगं शाळेसाठी बापाशी झुंजतं, ते वाचताना त्यांनी दोन वेळा वाकळ बाजूला सारली. आता अजून कुणाचं द्यायचं ह्या विचारात मी आहे. पुस्तक जाड असलं तर शिवण थांबतं आणि गिऱ्हाईक माझ्या नावानं ओरडतात.

हो, गिऱ्हाईकंसुद्धा आहेत. पुण्याला डिझाइन शिकणाऱ्या नातीनं सांगितलं की गीता खंडेलवाल ह्यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर इंग्रजीत अख्खं पुस्तक केलंय, आणि ते फ्रान्समध्ये छापलंय. बंगालची कांथा, उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायांच्या गोधड्या, असे फोटोही तिनं पाठवले. ते मी मोबाइलवर दाखवले. अक्कांनी एक मोठा करून बघितला आणि म्हणाल्या, "हितं चुणी ऱ्हायली." सिद्दींच्या गोधडीच्या कोपऱ्यांवरची त्रिकोणी फुलं मात्र आवडली. पुढच्या वाकळेला चारी कोपऱ्यांवर आली ती.

नातीच्या मैत्रिणींना वाकळा हव्यात, पण नव्या कापडाच्या, रंग जुळवलेल्या, भिंतीवर टांगायला. पैसे बरे देतात. अक्कांनी दोन करून दिल्या. नवं कापड कडक, बोटं सोलून निघाली. त्यातून टांगायची, म्हणजे मऊ कधी पडणार?

"भितीवर कोण झोपतंय?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि आगाऊ पैसे मोजून घेतले. सरकारचे लाडक्या बहिणीचे पंधराशे आणि हे असे, मिळून त्यांनी मागच्या महिन्यात चांगल्या रिळांचा डबा घेतला. भालकीच्या बहिणीला पंधराशे मिळत नाहीत, ती पलीकडची. तिकडं वेगळे मिळतात. किती, ह्यावर दोघी चार दिवस बोलल्या नाहीत.

"मास्तरीणबाई, शाळंला उशीर व्हायलाय का?"

"होतोय. काय म्हणता?"

"तुमच्या सासूबाई लातूरला ऱ्हातेत नव्हं? धोतर कोण नेसतंय का तिकडं?"

"सासरे नेसतात. पण अक्का, चांगले ठणठणीत आहेत ते."

"देव त्यांला शंभर वर्सं देवो. मी जुन्याचं इचारायले. आन् हे बगा, काल तुमी भितीवर हिरवी साडी ठिवून गेल्यात ती घिऊन जावा. मी सुई घालून बघितली. गेली न्हाई."