ताणाची कार्यशाळा कशी घ्यावी

इगतपुरीचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आलेल्या माणसाला महिन्याभरात सोसायटीच्या हॉलमध्ये 'बुद्धविचारातून ताणाची ओळख' अशी कार्यशाळा घ्यावीशी वाटते. नऊ दिवस तोंड बंद ठेवलेलं असतं, साठलेलं कुठेतरी बाहेर पडणारच. मी आतापर्यंत अशा चार घेतल्या, म्हणून अधिकारवाणीने सांगतो.

माणसं पंधराच्या वर नकोत. सारनाथला खुद्द बुद्धांसमोर पाचच श्रोते होते आणि त्या पहिल्या प्रवचनात उमगलं एकट्या कौंडिण्याला. आपल्याला चाळीस हवे असतात, कारण तेवढे समोसे सांगून ठेवलेले असतात.

खुर्च्या गोलात मांडाव्यात. लोक दाराजवळच्याच धरतात आणि गोलाचा घोड्याचा नाल होतो. होऊ द्यावा. पहिल्या वेळी मी पंचवीस मिनिटं खुर्च्या सरकवत होतो. मग 'सोडून देणे' या विषयाला सुरुवात केली तेव्हा मला धाप लागली होती.

आधी दुःख. फळ्यावर जन्म, जरा, व्याधी, मरण लिहिलं की मंडळी आदराने माना डोलावतात आणि घड्याळ बघतात. जीव येतो तो पुढच्या तिन्हींत : नको ते वाट्याला येणं, हवं ते दुरावणं, मागितलेलं न मिळणं. 'नको ते' म्हटल्याबरोबर सगळ्यांच्या नजरा सेक्रेटरीकडे वळतात. पार्किंगचं वाटप त्यांनीच केलेलं असतं. हॉलची किल्लीही त्यांच्याकडेच असल्यामुळे आपण घाईघाईने पुढच्या मुद्द्याकडे जावं.

संयुत्तनिकायातला दोन बाणांचा दृष्टान्त अवश्य सांगावा. पहिला बाण लागायचा तो लागतोच, दुसरा आपण आपल्याला मारून घेतो. उदाहरण शोधत बसू नये, ते समोर घडतं. माझा प्रोजेक्टर लागेना, हा पहिला बाण. माइक चालू आहे हे विसरून मी बायकोला म्हणालो, "वायर पिशवीत टाक म्हणून काल दोनदा सांगितलं होतं." हा दुसरा. ती म्हणाली, "दोनदा नाही, पाचदा. आणि पिशवी तुम्ही भरलीत." तिसऱ्या बाणाबद्दल सुत्तात काही नाही.

सोण भिक्खूच्या वीणेची गोष्टही सांगावी. तार फार ताणू नये, ढिलीही सोडू नये. ही गोष्ट लांबवू नये.

आता आनापान. श्वास लांब करायचा नाही, रोखायचा नाही, येतोय तसा नुसता बघायचा. हा प्राणायाम नाही असं तीनदा सांगितलं तरी एक गृहस्थ भस्त्रिका सुरू करतातच. पहिल्या खेपेला पाच मिनिटं पुष्कळ झाली. डोळे मिटले की काहींची छाती धडधडते, त्यांना डोळे उघडे ठेवून फरशीकडे बघायला सांगावं. तीन-तीन आठवडे झोप नसलेल्याला सरळ डॉक्टरांकडे पाठवावं, त्याच्यावर आपलं ज्ञान पाजळू नये. आणि "तुमचं दुःख सांगा" असं कोणालाही म्हणू नये. लोक सांगतात, पण सगळं आटोपल्यावर, चपला शोधताना. तेव्हा आपल्याला कुठे जायची घाई असू नये.

ए विंगमधले एक काका चारही वेळा आले. पहिल्या वेळी मी त्यांना चार आर्यसत्यं चाळीस मिनिटं समजावून सांगितली, अधूनमधून "कळतंय ना?" असंही विचारलं. ते मान हलवायचे. मग खुर्च्या एकात एक घालताना सहज बोलता बोलता समजलं, की १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात, बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेच्या वेळी, ते वडिलांच्या खांद्यावर बसून होते. वय वर्षं सहा. तेव्हापासून घरात रोज सकाळी त्रिशरण-पंचशील. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'ची प्रत वाचून वाचून शिवण सुटलेली.

मला कुठे तोंड लपवू असं झालं. म्हटलं, "काका, चुकलं असेल काही तर सांगा."

"चांगलं सांगता," ते म्हणाले. "थोडी घाई करता."

पुढची तुम्हीच घ्या म्हणून मी गळ घातली, पण ऐकेनात. म्हणाले, खुर्च्या लावायला लवकर येतो.

पाचवी कार्यशाळा येत्या रविवारी सकाळी सातला आहे. समोसे पंधराच सांगितलेत. वायर मी स्वतः पिशवीत टाकली आहे, दोनदा बघून.