लाईट आली का?

साहेबाच्या भाषेत लाईट म्हणजे उजेड. सातारा-सांगलीकडं लाईट म्हणजे वीज. ती भर उन्हात येते, ऐन जेवणाच्या ताटावर जाते. बिल तेवढं वेळेवर. त्यात उसाला लागते ती थ्री फेज लाईट. तिची पाळी रात्रीची असली, की लाईट आली म्हणून माणूस बॅटरी घेऊन काळोखात उसाच्या पाण्याची दारं धरायला निघतो. पायाखाली साप-विंचू, कराड-शिराळ्याकडं बिबट्याही सोबतीला! कोयनेचं धरण साताऱ्याच्याच पाटण तालुक्यात, तिथल्या वीजप्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट. तरी पाव्हणं, इकडं कुणी ‘लाईट हाय का?’ विचारलं तर बल्बाकडं बघू नका, विहिरीवरच्या मोटारीकडं बघून सांगा.